एकाच मीटरवरचे एकोणचाळीस आजारी

दवाखान्यातल्या टॅबलेटवर पाण्याच्या मीटरचा नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. रोग्याचा आजार त्याच्या घरच्या मीटरला जोडला जाई. आजारी वाढले की स्मार्ट सिटीच्या नकाशावर तो भाग लाल होई आणि तिथलं पाणी तपासायला माणसं येत. योजना चांगलीच होती, आजही मी तेच म्हणेन.

मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर बहीण म्हणाली, "दादा, पुस्तकांवर बसते तशी तुझ्यावरही धूळ बसेल. बाहेर पड." म्हणून आठवड्यातून तीन सकाळी दवाखान्यात नोंदी करायला जाऊ लागलो. दुसऱ्यांच्या चुका शोधणं एवढंच मला येत होतं, आणि तेही किती, कोण जाणे.

मागच्या गल्लीतल्या लोकांना मीटर नव्हते. सगळ्यांत मिळून एक नळ. बहुतेक जण शेजारच्या शेडमध्ये जुन्या बाटल्या धुऊन, निवडून परत कारखान्याला पाठवायच्या कामावर. त्यांतली एक बाई, पायाला भिंगरी लावल्यासारखी चाले म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत, तापलेल्या मुलीला कडेवर घेऊन आली.

"मीटर नंबर?"

"आमचा कसला मीटर, काका?"

मागे रांग कुरकुरत होती. मी माझ्या घरचा नंबर टाकला. पान उघडलं, मुलीला औषध मिळालं.

"देवमाणूस आहात हो," भिंगरी म्हणाली.

असं मला पूर्वी कोणी म्हटलं नव्हतं. मग गल्लीतला जो येईल त्याला मी माझाच नंबर देऊ लागलो.

तिसऱ्या आठवड्यात नर्सबाई भिंतीवरच्या पडद्यावर दिसणाऱ्या त्या नकाशापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काका, गल्लीत घरटी एक माणूस उलट्या-जुलाबानं आडवा, आणि इथं बघा, हिरवीगार!" त्यांनी नियंत्रण कक्षात फोन लावला. पलीकडचा इंजिनिअर हसत होता, मला ऐकू येत होतं. "मॅडम, दोन माणसांच्या एका घरात एकोणचाळीस आजारी? दुबार नोंदी म्हणून आम्ही त्या गाळतो. तुमच्याकडे कोणी मस्करी करतंय का बघा."

मी पुढच्या रोग्याचं नाव विचारलं.

घरी बहिणीला सांगितलं. आधी ती हसली. "म्हणजे आपल्या दोन खोल्यांत एकोणचाळीस जण? बरं झालं बाई, संडास एकच आहे ते मशीनला माहीत नाही." मग एकदम थांबली. "अरे, मग त्यांचं पाणी तपासणार कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी गल्लीत गेलो. भिंगरीला न सांगता नर्सबाईंशी बोलणं मला बरं वाटेना. मुलगी चटईवर पडली होती, ओठ फुटलेले.

"नका सांगू, काका," भिंगरी म्हणाली. "लाल ठिपका पडला की शेडला टाळं. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या."

"आणि ही?"

"हिच्यासाठीच तर राबते ना मी!"

मी तसाच दवाखान्यात गेलो आणि नर्सबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. नुसता कोरा कागद माझ्यापुढे सरकवला, ते जास्त लागलं. मी एकोणचाळीस नावं पुन्हा नीट लिहून दिली.

पाणी तपासणारी माणसं त्याच दुपारी आली. नळाची वाहिनी शेडच्या गटाराखालून जात होती आणि फुटली होती. बाटल्या धुतलेलं पाणी आणि संडासाचं पाणी, दोन्ही तिच्यात उतरत होतं. नळ बंद झाला, टँकर आला. चौथ्या दिवशी मुलगी उठून बसली. पण वाहिनी बदलेपर्यंत शेडही बंद. फाटकावरच्या 'हरित उद्योग' पाटीखाली कुलूप लोंबत होतं.

टॅबलेटवर आता 'सार्वजनिक नळ' असा नवा पर्याय आला. पण गल्लीतलं कोणी दवाखान्यात येईना.

दहाव्या दिवशी भिंगरी आली, भिंत धरत. डोळे खोल गेलेले.

"राहता कुठे?" विचारावंच लागत होतं.

तिनं माझ्यामागच्या नकाशाकडे पाहिलं. "जुनाच नंबर टाका, काका. त्यानं कुणाचं काम गेलं नव्हतं."

मी 'सार्वजनिक नळ' दाबलं. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

नर्सबाईंनी औषधाची पुडी माझ्या हातात ठेवली. मी गल्लीत गेलो, दार वाजवलं. मुलीनं फटीतून पाहिलं.

"आई म्हणते, काका आले तर घरात नाही म्हणून सांग."

आतून ओकारीचा आवाज आला. मी पुडी पुढे केली. मुलीनं मागे वळून पाहिलं, मग हात बाहेर काढून पुडी घेतली आणि दार लावलं.