उभ्यानं बस्ता बांधत नाहीत

मंचरला हायवेवर आमचं साड्यांचं दालन आहे. आमचं म्हणजे आदेश सरांचं. आम्ही तिथं फक्त उभं राहतो.

शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत उभं. दुकानात सोफे आहेत, पण ते गिऱ्हाइकाला. आदेश सर पुण्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि शिकून आले की बसलेला सेल्समन म्हणजे झोपलेलं दुकान. त्याच आठवड्यात स्टुलं गेली आणि छताला कॅमेरे लागले. त्या कॅमेऱ्यांतून आवाजही येतो. काउंटरला जरा कंबर टेकवली की वरून आकाशवाणी होते, "चांगदेवभाऊ, टेकू नका." सर वरच्या मजल्यावर केबिनमध्ये असोत नाहीतर भीमाशंकरला देवदर्शनाला, मोबाईलवर आम्ही त्यांना दिसतोच.

चांगदेव म्हणजे मी. राहणार लोणी.

सर आमच्याच तालुक्यातले, आमच्यातलेच. बायपासला त्यांची जमीन गेली, त्या पैशातून हे दालन झालं. उद्घाटनाला भाषणात म्हणाले, "आपण मालक-नोकर नाय, आपण एक कुटुंब." बायामाणसांना बसू न देणारी कुटुंबं असतात, हे खरंच आहे म्हणा.

आधी मी बाजारपेठेत धरमचंद शेठच्या दुकानात होतो. शेठ काही देवमाणूस नव्हता. पगारवाढीचा विषय काढला की माळ ओढायला बसायचा आणि आपण उठून जाईपर्यंत डोळे उघडायचा नाही. पण दुकानभर पांढरी गादी होती. गिऱ्हाईक गादीवर, आम्ही गादीवर, शेठही गादीवर. दालन निघालं आणि गिऱ्हाईक तिकडं वळलं. शेठचा मुलगा विपुल पुण्याला नोकरीला गेला, दुकान बंद पडलं. आदेश सरांनी तिथले आरसे घेतले, कपाटं घेतली, गाद्या घेतल्या आणि मला घेतलं. गाद्या गोडाऊनमध्ये पडल्या. मी काउंटरला उभा राहिलो.

माझ्या शेजारी समृद्धी असते. तीही लोणीची, सून म्हणून आलेली. हाताला वेग आहे, तोंडालाही आहे. पौषात एका सकाळी वडाप जीपमध्ये ती मला म्हणाली, "भाऊ, मला दिवस गेलेत. दुकानात बोलू नका."

मी कशाला बोलतो? नीलमचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आधी याच काउंटरला असलेल्या नीलमला चौथा महिना लागला तेव्हा सर फार प्रेमानं म्हणाले, ताई, घरी आराम कर. ती अजून आरामच करतेय. तिच्या जागेवर दुसरी मुलगी येऊन जुनी झाली.

"मग घरीच थांब की," मी म्हणालो.

"घरी? घरी सासू गोठ्यात घालती, गोठा झाला की कांद्यात. इथं निदान सावली हाये. अन् एकदा सुटलं की परत कोण घेतंय? नीलमला घेतलं का?"

गाडीतनं उतरून आम्ही दिवसभर उभं राहायला गेलो.

लग्नसराई लागली. आमच्याकडं लग्नाची सगळी कापडं एका बैठकीत घेतात, त्याला बस्ता म्हणतात. नवरीचा शालू, सासूची साडी, आत्याचा मान, मामीचा रुसवा, सगळं त्यात येतं. दोन्हीकडची माणसं येतात आणि अर्धा दिवस हलत नाहीत. तितका वेळ आम्ही उभ्यानं साड्या काढायच्या, उलगडायच्या, अंगावर टाकून दाखवायच्या. समृद्धीचे पाय सुजायला लागले. दुपारनंतर चप्पल पायात जाईना, तेव्हा ती काउंटरखाली काढून अनवाणी उभी राहायची. पदर पुढून घेऊन पोट झाकायची. पाय कशानं झाकणार?

असाच एकदा पारगावचा बस्ता आला. नवरीची आजी धोंडाबाई, नवरीचा बाप भगवंत, मागून दहा-बारा बाया. धोंडाबाई सोफ्यावर बसली, पण बसल्यापासून तिचं साड्यांकडं लक्षच नव्हतं. ती खाली बघत होती.

"ए पोरी, कुठली गं तू?"

"लोणीची, आजी."

"अन् कितवा..."

समृद्धीनं मान वर केली. धोंडाबाईकडं नाही, छताकडं. म्हातारीनंही तिच्या नजरेमागं छताकडं बघितलं. तिला कॅमेऱ्यातलं काय कळलं देव जाणे, पण तिनं पुढचा शब्द गिळला. मग शेतात कुणाचं जनावर शिरल्यावर ओरडावं तशी ओरडली, "ओ शेऽठ!"

आदेश सर केबिनमधून आले. "काय झालं मावशी? रंग पसंत नाही?"

"रंग बख्खळ हायेत. पर आमच्यात उभ्यानं बस्ता बांधत नाय."

"म्हणजे?"

"दाखवणारी बाई बसल्याली लागती. उभ्यानं उलगडल्याली साडी नवरी नेसली का तिचा संसार उभ्याउभ्याच व्हतो. टिकत नाय."

भगवंत गडबडला. "आई, हे कुठलं काढलं आता? असलं काय नाय आपल्यात."

"तुझा बस्ता बांधला तवा तू भाईर भेळ खात व्हतास. तुला काय म्हाईत?"

बाया फिस्सकन हसल्या. मी साड्यांच्या धंद्यात आयुष्य घातलं, ही रीत मी कधी ऐकली नव्हती. त्या बायांनीही ऐकली नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण लग्नाच्या बाबतीत एखादी रीत आपल्याला माहीत नाही, हे चारचौघींत कोण कबूल करील? लगेच एक म्हणाली, "खरंय. माझ्या म्हायारीबी असंच हाय." दुसरी म्हणाली, "आमच्या नणंदेचा उभ्यानंच बांधला व्हता. बघितलं ना काय झालं." नणंदेचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी नुसत्या माना हलवल्या.

बस्ता मोठा होता. आदेश सरांनी घड्याळ बघितलं, धोंडाबाई बघितली. "कुशाबाई, गोडाऊनमधून गादी आणा."

कुशाबाई आमच्याकडं झाडलोट करते, साड्यांच्या घड्या घालते. तिनं गादी आणून अंथरली. गादीला अजून शेठच्या दुकानाचा वास होता, उदबत्तीचा आणि कोऱ्या कापडाचा. समृद्धी खाली बसली. बसताना ती कण्हली, ते सरांना ऐकू जाऊ नये म्हणून धोंडाबाई मुद्दाम खोकली. मग स्वतःही सोफ्यावरून उतरून तिच्या शेजारी मांडी घालून बसली. "हां. आता काढ गं शालू."

जाताना ती समृद्धीच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाली, "मीठ कमी खा."

पंधरा दिवसांत ती रीत गावोगाव गेली. अवसरीचा बस्ता आला, म्हणे गादी घाला. घोडेगावचा आला, म्हणे आमच्यात उभ्यानं चालत नाही, पूर्वीपासून. पूर्वीपासून! मला हसावं की रडावं कळेना. आदेश सर मात्र खूश. त्यांनी गादीवरचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला, 'परंपरा जपणारं एकमेव दालन.' व्हिडिओत आम्ही गादीवर बसलेलो. व्हिडिओ संपला, गिऱ्हाईक गेलं, की वरून आवाज, "कुशाबाई, गादी उचला. चांगदेवभाऊ, उठा." नवरीचा संसार टिकावा म्हणून आम्ही बसायचं. आमचे पाय टिकावेत म्हणून नाही.

दिवस वर गेले तसं समृद्धीचं पोट पदरात मावेना. एका रविवारी, आळ्याचा बस्ता नुकताच उठून गेला होता, तेव्हा सर खाली आले. आवाज अगदी मऊ.

"ताई, गोड बातमी लपवतेस होय? अगं, आपण कुटुंब आहोत. आजपासून तू घरी आराम कर. उद्या तुझ्या जागी एक मुलगी येतेय."

समृद्धी गादीवर साडीची घडी घालत होती. ती पुरी केली, बाजूला ठेवली. "मला आराम नको, सर. स्टूल पायजे."

"तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

"माझं भलं स्टुलात हाये."

सर हसले. त्यांना वाटलं ती गंमत करतेय. वर जाता जाता म्हणाले, "कुशाबाई, गादी उचला."

कुशाबाई जागची हलली नाही. "तिच्यावर बाई बसलीये. कशी उचलू?"

"तिला उठवा."

"मी नाय उठवत. तुमी उठवा."

आता खोटं कशाला लिहू, मला भीती वाटली. या वयात मला कोण ठेवणार? पण गुडघे भीतीपेक्षा जास्त दुखत होते. मी समृद्धीच्या शेजारी जाऊन बसलो. कुशाबाई झाडू टेकवून बसली. ड्रेस काउंटरची पोरं एकमेकांकडं बघत होती. एक बसला, मग सगळे.

सर केबिनमध्ये गेले. छतातून आवाज आला, "उठा." थोड्या वेळानं परत, "मी शेवटचं सांगतोय." कुशाबाई छताकडं बघून म्हणाली, "खाली येऊन सांगा, सर. वरून नीट ऐकू येत नाय."

तेवढ्यात काचेचं दार उघडलं आणि पुढचा बस्ता आत शिरला. निरगुडसरचा. पंधरा-वीस माणसं, पोरंबाळं, पुढं एक जाडजूड मामी. सर जिन्यावरून पळत आले. "या, या, बसा." आमच्याकडं डोळे वटारले. कुणी उठलं नाही. माणसं सोफ्यांवर बसली आणि वाट बघू लागली. शेवटी सर स्वतः कपाटाकडं गेले, शालूंचा गठ्ठा काढला आणि काउंटरवर पहिला शालू झटकला.

"अहो शेठ, थांबा!" मामी किंचाळली. "उभ्यानं नका उलगडू. आमच्यात चालत नाय."

सर हातात शालू घेऊन तसेच उभे. व्हिडिओ त्यांचाच होता. आम्ही सरकून जागा केली. ते पँट वर ओढत गादीवर आले. मांडी घालायची सवय गेलेली, एक पाय पुढं काढून कसेबसे टेकले.

समृद्धीनं एक लोड त्यांच्या पाठीशी सरकवला. "नीट टेका, सर. दिवसभर उभं राहून पाय दुखत असतील."

तो बस्ता आम्ही सगळ्यांनी बसून बांधला. दुसऱ्या दिवशी ती नवी मुलगी आली नाही. काउंटरमागं प्लॅस्टिकची स्टुलं आली. न्हाणीत असतात तसली बुटकी, पण आली. समृद्धी आठव्या महिन्यापर्यंत कामावर येत होती. आता ती माहेरी आहे, मुलगी झालीय.

तिला परत घेणार का, हे सर सांगत नाहीत. बघू म्हणतात. आम्ही रोज विचारतो. बसून विचारतो.