गवताची गाठ

"याच्याखालचं नाव कुठं गेलं?" चुरी बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

तलासरीच्या शाळेतल्या शितलने मधमाश्यांवर तक्ता केला होता. मधोमध नेटवरून काढलेला, आग्या मोहोळाचा मोठा रंगीत फोटो. शनिवारी डहाणूला प्रदर्शन होतं. या तक्त्याला नंबर मिळणार, असं नववीचा सगळा वर्ग धरून चालला होता.

"फोटोवाल्याचं? कापलं, बाई. कोपऱ्यात होतं. चित्र खराब दिसत होतं."

"आता तो फोटोवाला शितलला शोधत येल," प्रगती म्हणाली. "मोहोळ घेऊनच येल."

वर्ग हसला.

"नेटवर तर पडलेलंच असतं ना, बाई. कोणी पण घेतं," शितल पुटपुटली.

बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या. निवृत्ती जवळ आली होती. उभं राहून रागावणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

"तुझे बाबा मध काढतात ना? रानात पोळं दिसलं, पण अजून भरलेलं नसलं, तर काय करतात?"

"झाडाला गवताची गाठ मारून येतात."

"मग?"

"मग दुसरा कोणी हात नाय लावत. पाहिजेच असलं तर घरी येऊन विचारतो."

"का? रानात तर पडलेलंच असतं."

शितल हसायला गेली आणि थांबली. तक्त्यावरच्या कापलेल्या कडेवरून तिने बोट फिरवलं.

"मी गाठ कापली, बाई."

"मग आता घरी जाऊन विचारू."

संगणकाच्या खोलीत बसून दोघींनी फोटोवाल्याला ईमेल लिहिला. शाळा कुठली, तक्ता कशाचा, आणि शेवटी, तुमचा फोटो लावू का? रोज मधल्या सुट्टीत शितल दारात यायची. "आला?"

शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही.

"नुसतं नाव लिहून लावला तर, बाई?"

"घरी कोणी भेटलं नाही, तर मध काढून नेतात का गं?"

शितलने फोटो सोडवला. खाली डिंकाचा पिवळट चौकोन राहिला. शनिवारी सकाळी, डहाणूला निघण्याआधी, रात्री बाबांना विचारून विचारून स्वतः काढलेलं पोळ्याचं चित्र तिने तिथं चिकटवलं. पोळं जरा वाकडं होतं. माश्या अंमळ मोठ्या होत्या. बाईंनी कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथं नाव लिही."

"माझं?"

"मग काय माझं?"

प्रदर्शनात नंबर दुसऱ्याच शाळेला गेला. त्यांच्या तक्त्यावर चकचकीत फोटो होते, खाली एकही नाव नव्हतं. पोरीचा नंबर आपणच घालवला, हे बाईंच्या मनातून जाईना.

आवराआवर चालली असताना एक गृहस्थ पोळ्यासमोर थांबले. त्यांनी मोबाईल काढला.

"पोरी, तू काढलंस? फोटो घेऊ का?"

"घ्या ना, काका. पण नाव पण येऊ द्या."

ते थोडे मागे सरकले. नावाचा कोपरा वाऱ्याने उचलला जात होता. बाई पुढे झाल्या आणि फोटो निघेपर्यंत त्यांनी तो बोटाने दाबून धरला.