बोरिंगचं निवळलेलं पाणी

गावात बोरिंग झाली त्याला वर्ष होत आलं, पण गावाचं डोकं काही ताळ्यावर आलं नव्हतं. बोरिंगच्या पाण्याला लोखंडाचा वास, त्यात शिजवला की भात तांबूस होतो, म्हणून ते बैलांना आणि भांडी घासायला. माणसं पिणार बोडीचं, गावच्या लहानशा तळीचं, जिच्यात म्हशी डुंबतात आणि नारू झालेले लोक ठणकता पाय बुडवून बसतात. मनकर्णाच्या मते गावात बैलच तेवढे शहाणे उरले होते.

मागच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवण्यात तिच्याच पायातून नारूचा दोऱ्यासारखा किडा निघाला होता. काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा, तुटला की पाय सुजलाच. दवाखान्याची बाई सांगून गेली होती, आज बोडीचं प्याल तर नारू पुढच्या रोवण्याला बाहेर येईल. आणि आता मनकर्णाची लेक सीता पहिल्या बाळंतपणाला आरमोरीहून माहेरी आली होती. वर्षानं पोरीच्या मांडीवर लेकरू आणि पायात नारू, हे तिला होऊ द्यायचं नव्हतं.

पण घरात सासू होती, ठमाबाई. पाणी गाळायला दवाखान्यातून मिळालेलं फडकं तिनं देवावर झाकलं होतं.

"बोरिंगचं पानी मले पाजतं का? मी का बैल आहो?"

सांगून सांगून मनकर्णा थकली. मग तिनं युक्ती केली. संध्याकाळी बोरिंगचं पाणी पितळी गुंडात भरून ठेवायचं, सकाळी तांबडा गाळ तळाला बसला की वरचं निवळ पाणी रांजणात ओतायचं आणि सांगायचं, बोडीचं आणलं.

बुढी गटागटा प्यायली. "पाह्य, याले म्हनते बोडीचं पानी."

मनकर्णानं तोंडाला पदर लावला. सीतालाही तिनं काही सांगितलं नाही. पोरीच्या पोटात गोष्ट राहत नाही, आजीजवळ बोलून बसायची.

काही दिवस सुखात गेले. मग बुढीनं गावभर डंका पिटला, पाणी प्यावं तर बोडीचंच. दोन-चार बाया बोरिंगवर येऊ लागल्या होत्या, त्याही फिरल्या. मनकर्णा नुसती चडफडली. बोलावं तर आपलंच बिंग फुटणार.

एका दुपारी ती रोवण्याहून परतली तर सीता समोरून येत होती. पदर ओला, हनुवटी ओली.

"कुठी गेली होती व?"

"बोडीवर. रांजनातलं सरलं होतं, माय. मले लय तहान लागली. आजी म्हने, आपन घरी तेच तर पितो, जाऊन पिऊन ये. ओंजळीनंच पेली."

मनकर्णानं अंगणातच सीताची ओली हनुवटी पदरानं खसाखसा पुसली.

"तुले का झालं?" ठमाबाईनं ओसरीवरून विचारलं.

"घरी बोरिंगचं होतं," मनकर्णा म्हणाली. "इतके दिवस तुमी बोरिंगचंच पेल्या."

सीता एकदा आजीकडे, एकदा मायकडे पाहू लागली.

"मंग मी आता पेली ते?"

मनकर्णाची नजर लेकीच्या पायांवरून हलेना.

"पुढच्या रोवण्याले समजन," ती म्हणाली.