उरलेली ताकद

बायको खुर्चीतून उठायला पुढे झुकली तसा त्याचा हात आपसूक तिच्या दंडाखाली गेला.

“काका, हात मागे,” फिजिओथेरपिस्ट म्हणाली. “त्यांचं त्यांना उठू दे.”

त्याने हात मागे घेतला. ती अर्धी उठली, मांड्या लटपटल्या आणि धपकन खाली बसली. शेवटची केमो होऊन चार महिने झाले होते.

“घरी काय काय करतात या?”

“काही म्हणजे काही नाही,” तो कौतुकाने म्हणाला. “इकडची काडी तिकडे करू देत नाही मी. आंघोळीचं पाणीसुद्धा मीच काढतो.”

फिजिओथेरपिस्टने कागदावरून मान वर केली. “औषधांनी थोडी ताकद गेली, काका. पण बरीचशी बसून बसून गेलीय.”

ती सहज बोलली. त्याची कानशिलं मात्र तापली. एकतीस वर्षांत त्याने स्वतःचं ताट उचललं नव्हतं. गाठीचा रिपोर्ट आला त्या दिवशी तो पहिल्यांदा भांडी घासायला उभा राहिला, आणि मग थांबलाच नाही. ती उठू लागली की तो खेकसायचा, “बस म्हटलं ना!” शेजारपाजारचे म्हणायचे, नवरा असावा तर असा. ते ऐकायला त्याला गोड वाटायचं.

चौथ्या प्रयत्नात ती उठली. मग एकेक किलोची वजनं खांद्यापर्यंत, आठ वेळा. सहाव्या वेळी तिचा ओठ दातांखाली गेला. तो भिंतीवरचा तक्ता वाचत राहिला.

बाहेर लिफ्टसमोरच्या बाकावर दोघं टेकली.

“मी पांगळं करून ठेवलं तुला,” तो म्हणाला.

तिने पदराने मान पुसली.

“सुरुवातीला येत होतं मला उठता. दुपारी तुमचा डोळा लागला की जिना उतरून चढून यायचे.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही उठून गेला असता. इतका वेळ माझ्याजवळ कधी बसला होतात, अहो?”

त्याने आठवून बघितलं, पण आठवेना.

लिफ्ट आली. दार उघडलं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि मिटलं. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.