ओल्या फडक्याखालचा उन्हाळा

मित्रांनो, मी एक जुनी, दमलेली तापमापी आहे. जुनी म्हणजे इतकी, की माझ्या पट्टीवरचे आकडे आता डोळे बारीक करून वाचावे लागतात. आणि दमलेली म्हणजे इतकी, की उन्हाळा तोंडावर आला म्हटलं की मला बसावंसं वाटतं. पण बसणार कशी? माझा जन्मच खिळ्याला टांगून घेण्यासाठी झालेला.

माझ्या काचेच्या नळीत लाल रंगाचं स्पिरिट आहे. लोक त्याला पाराच म्हणतात. पूर्वी मी मनातल्या मनात दुरुस्त करायचे, आता तेही सोडून दिलंय. कोणाकोणाला सांगत बसू? नळीच्या तळाशी माझा इवलासा फुगा आहे. त्याला जे लागतं, तेवढंच मला कळतं. हे जरा लक्षात ठेवा, माझी सगळी कहाणी त्या फुग्याभोवतीच फिरते.

मला एका लहानशा कारखान्यात घडवलं. तिथल्या कारागीर बाईंनी माझा फुगा आधी बर्फाच्या चुऱ्यात बुडवला आणि स्पिरिटची लाल रेघ थांबली तिथे शून्याची खूण केली. मग मला गरम पाण्यात एका जाणत्या तापमापीशेजारी उभं केलं. ती म्हणेल तो आकडा माझ्याही अंगावर उमटला. थोरल्या बहिणीचं बोट धरून शाळेत जावं, तशी मी आकडे शिकले. बाईंनी मला पुसून, उजेडात धरून पाहिलं आणि "जा बाई, सुखात राहा," म्हणाल्या. सुखात राहा म्हणणाऱ्यांना पुढचं काय माहीत असतं?

काही वर्षं एका दुकानाच्या काचेत धूळ खाल्ल्यावर मी या वसाहतीत आले. शहर संपतं आणि शेतं अजून सुरू झालेली नसतात, अशा जागी या चार इमारती आहेत. फाटकाशेजारच्या भिंतीवर, पत्र्याच्या छोट्या छपराखाली, मला जागा मिळाली. माझ्या शेजारी एक काळा फळा होता. सोसायटीचे सेक्रेटरीकाका रोज सकाळी रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकून खडूनं त्यावर लिहायचे, "आज कमाल तापमान एक्केचाळीस. उष्ण वारे. दुपारी बाहेर पडणे टाळावे." अक्षर मोत्यासारखं. अंदाज मात्र पाहुण्यांच्या 'पाच मिनिटांत निघतो' सारखा, कधी खरा, कधी नुसताच प्रेमळ. फळा सांगायचा काय होईल ते. मी सांगायचे काय होतंय ते. आमचं भांडण कधी झालं नाही, पण सख्यही नव्हतं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. येणारा-जाणारा थांबून बघायचा. मुलं माझ्या फुग्यावर गरम श्वास सोडून रेघ वर चढवायची आणि खिदळायची. मग सवय झाली, आणि सवयीबरोबर बोलणी आली. भाजीच्या पिशव्या सावरत कोणी म्हणायचं, "मेली ही बघा, परत बेचाळीस." जसं काही मीच ऊन पाडते. थंडीत तर माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. कोळ्यानं माझ्यापासून फळ्यापर्यंत जाळं विणलं, आणि मी ते शालीसारखं पांघरून झोपले.

पण उन्हाळ्यात माझ्यावर एक मोठं काम असायचं.

इमारतींच्या मागे एक खोली आहे, वर पत्रे घातलेली. पूर्वी तिथे सायकली ठेवायचे. आता तिथे पाळणाघर चालतं. चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. उन्हाळ्यात ती खोली भट्टीसारखी तापते. तळमजल्यावर सोसायटीचा हॉल आहे, जाड भिंतींचा, गार फरशीचा, चांगला मोठ्या पंख्यांचा, आणि बहुतेक वेळ कुलपात. एकदा मुलांना तिथे बसवलं होतं, तेव्हा नव्या रंगाच्या भिंतीवर कोणीतरी मेणखडूनं एक भलामोठा हत्ती काढला. तेव्हापासून सेक्रेटरीकाकांना हॉल म्हटलं की हत्ती आठवतो.

ताईंनी सभेत विषय काढला. बराच वाद झाला. शेवटी काकांनीच तोड काढली. त्यांनी माझ्या चाळीसच्या आकड्यावर नेलपॉलिशनं एक आडवी रेषा ओढून घेतली आणि म्हणाले, "दुपारी पारा या रेषेच्या वर गेला की मुलं हॉलमध्ये. खाली असला की आपल्या खोलीत. उगाच रोज वाद नको. हिला ना सून, ना जावई. ही कोणाची बाजू घेणार नाही."

खरं सांगते मित्रांनो, त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. हॉलची किल्ली फाटकावरच्या आबांकडे असायची. आबा म्हणजे आमचे पहारेकरी. दुपारी ताई यायच्या, मला बघायच्या, आबा किल्ली द्यायचे. असे कितीतरी उन्हाळे गेले. कितीतरी लेकरं त्या गार फरशीवर पालथी झोपून मोठी झाली.

यंदा फाटकाची भिंत रंगवली. रंगाऱ्यानं आबांचा खिळा काढला तो परत ठोकलाच नाही. आबांचं एक चौकटीचं फडकं असतं. ते नळावर भिजवायचं, डोक्याला गुंडाळायचं, जेवायला बसताना पुन्हा भिजवून खिळ्यावर टाकायचं, हा त्यांचा उन्हाळ्याचा रिवाज. स्वतःचा खिळा गेला, म्हणून ते माझ्या खिळ्यावर टाकू लागले.

"म्हातारे, तुलाही जरा गार वाटू दे," असं पहिल्या दिवशी ते मला म्हणाले.

आणि वाटलं हो. ओल्या फडक्याचं टोक बरोबर माझ्या फुग्यावर यायचं. बाहेरचा कोरडा, भाजणारा वारा त्या ओलाव्यातून गाळला जाऊन माझ्यापर्यंत पोहोचायचा. इतक्या वर्षांत भर दुपारी माझे डोळे पहिल्यांदाच मिटले. रेघ हळूहळू उतरून छत्तिसावर येऊन बसली. माझ्या फुग्याशी छत्तीसच होते. खोलीत किती होते, हे मला कुठून कळणार?

ताई यायच्या. आबा अदबीनं फडकं बाजूला धरायचे, ताई आकडा बघायच्या, फडकं परत जागेवर पडायचं.

"आबा, अहो छत्तीस कसे? आत पोरं नुसती पाघळतायत."

"यंदा ऊनच बेतानं आहे ताई. मी तरी काय करू? रेषेखाली असताना किल्ली दिली, तर काका माझी सालटी काढतील."

काकांचा तर आनंद गगनात मावेना. रेडिओ म्हणत होता बेचाळीस, मी म्हणत होते छत्तीस. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आपली वसाहत शहरापेक्षा सहा अंश थंड. झाडे लावा, झाडे जगवा." लोक त्या फळ्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवू लागले. घामानं निथळत फोटो काढायचे आणि म्हणायचे, "बघा, आमच्याकडे कसं छान आहे." ज्याला छान म्हणायचंच आहे, त्याच्या पाठीवरचा घामही त्याला काही सांगत नाही.

पाळणाघरात एक मुलगी होती. सगळे तिला टिल्ली म्हणायचे. नुकतीच वाक्यं बोलायला लागलेली, एका हातात कायम कापडी ससा. तिची आई बस डेपोत तिकीट खिडकीवर बसते. सकाळी घाईघाईनं टिल्लीला सोडताना ती पाळणाघराच्या वाटेवरून तीन-चारदा मागे वळून बघते. मुलगी रडते म्हणून नाही. ती रडत नाही म्हणून.

"पाणी पाजाल ना ताई?"

"अगं हो बाई. तू जा, तुझी बस जाईल."

एके दिवशी फळ्यावर काकांनी लिहिलं, "उष्णतेची लाट. शहरात चव्वेचाळीसपर्यंत जाण्याची शक्यता." आणि खाली, जरा लहान अक्षरात, "आपल्याकडे काळजीचे कारण नाही."

दुपारी ताई आल्या. मी सदतीस दाखवत होते. आकडा बघून परत गेल्या. थोड्या वेळानं पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्या कपाळावरचे केस ओले होते आणि आवाज फाटला होता.

"आबा, किल्ली द्या."

"ताई, रेषा..."

"रेषा गेली खड्ड्यात. टिल्ली हाक मारली तर डोळे उघडते आणि परत मिटते. घामसुद्धा येत नाहीये तिला. मी तिच्या आईला फोन केलाय."

कमरेच्या जुडग्यातली नेमकी किल्ली आबांना सापडेना. गडबड ऐकून सेक्रेटरीकाका जिना उतरून आले, आणि तेवढ्यात फाटकातून टिल्लीची आई पळत आत शिरली. डेपो काही फार लांब नाही, पण ती बसनं आली नव्हती, रस्ताभर पळत आली होती. ती मागच्या खोलीकडे गेली आणि टिल्लीला खांद्यावर टाकून परत आली. टिल्लीचे पाय दोरीसारखे लोंबत होते. ससा कुठे दिसत नव्हता.

कोपऱ्यावर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे, तिकडे ती निघाली होती. फाटकाशी पोहोचल्यावर तिला फडकं दिसलं. तिनं ते सरळ माझ्या खिळ्यावरून ओढलं, टिल्लीच्या डोक्यावर टाकलं आणि धावत गेली. ताई तिच्या मागोमाग.

मी उघडी पडले.

सुरुवातीला फुग्यावरचा ओलावा होता. वाऱ्यानं तो सुकवला. मग माझी रेघ चढायला लागली. अडतीस. एकोणचाळीस. काका माझ्यासमोर उभे होते आणि आबा त्यांच्या शेजारी, हातात जुडगा तसाच. रेघ नेलपॉलिशच्या रेषेला लागली आणि तिथे न थांबता वर गेली. एक्केचाळीस. त्रेचाळीसच्याही पुढे. सावलीत, छपराखाली. पत्र्याच्या खोलीत किती असेल, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच विचारायचं नव्हतं.

काकांनी बोट पुढे केलं, माझ्या फुग्याला लावलं आणि मागे घेतलं. "हे... फडक्यामुळे?" त्यांनी आबांकडे न बघताच विचारलं.

आबा खाली बसले. "पोरांना ताप आला की आपण कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवतो," ते म्हणाले. "ताप उतरला असं वाटतं. मी हिला रोज पट्टी ठेवत होतो, साहेब."

मग ते उठले, त्यांना किल्ली सापडली, आणि दोघांनी मिळून बाकीच्या मुलांना हॉलमध्ये आणलं. काकांच्या कडेवर एक मूल होतं. त्यांच्या शर्टाला मेणखडूचा हिरवा रंग लागला. त्यांनी तो झटकलाही नाही.

ती दुपार सरता सरेना. मित्रांनो, आम्हा वस्तूंना पळता येत नाही, फोन करता येत नाही. मी फाटकाकडे तोंड करून टांगलेली होते, एवढंच माझं नशीब. ऊन उतरलं, भिंतीची झळ कमी झाली, लोक कामावरून परतू लागले. आबा स्टुलावर बसलेच नाहीत.

दिवे लागायच्या सुमाराला ताई आधी दिसल्या. त्यांच्यामागून टिल्लीची आई, आणि तिच्या खांद्यावर टिल्ली. हाताच्या पाठीवर सलाईनची चिकटपट्टी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वेळेवर आणलीत. टिल्लीनं आबांना बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, "आबा, माझा ससा?"

आबांनी नुसते हात जोडले.

"असं नका करू आबा," टिल्लीची आई म्हणाली. तिचाही आवाज दमलेला होता, माझ्यासारखा. "रस्ताभर तुमच्याच फडक्यानं तिचं डोकं गार राहिलं. उद्या धुऊन आणते."

मग ती माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिनं माझा आकडा वाचला आणि मागच्या खोलीकडे बघितलं. मग तिथे आलेल्या काकांना म्हणाली, "काका, ही इथे कशाला आहे? मुलं तिकडे असतात."

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः मला खिळ्यावरून उतरवलं आणि पाळणाघरात, मुलं झोपतात त्या भिंतीवर, त्यांच्या उंचीला टांगलं. शेजारी आणखी एक खिळा ठोकून त्यावर हॉलची किल्ली अडकवली. फळ्यावरचा तो सहा अंशांचा मजकूर त्यांनी पुसला. आता ते फक्त अंदाज लिहितात आणि खाली, "प्रत्यक्ष ऊन आपापल्या घरात पाहावे." आबांना फाटकावर त्यांचा खिळा परत मिळाला.

मित्रांनो, मी आता थकले आहे. रंग फिका झालाय, आणखी किती उन्हाळे निघतील ठाऊक नाही. तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल, तर तिला अधूनमधून पुसा. जिथे माणसं राहतात, तिथे टांगा. तिचा खिळा तिच्या एकटीचा असू द्या. आणि तिनं कितीही थंड आकडा सांगितला, तरी आधी शेजारच्या लेकराच्या मानेला हात लावून बघा. आम्हाला फक्त आमच्या फुग्याला लागतं तेवढंच कळतं. हाताला त्याहून जास्त कळतं.

परवा दुपारी मुलं झोपायच्या बेतात होती. टिल्ली उठून माझ्यापाशी आली, काखेत ससा. तिनं आपला तळवा माझ्या फुग्यावर ठेवला, आई तिच्या कपाळावर ठेवते तसा, आणि मागे वळून म्हणाली, "ताई, हिला ताप आलाय."

तिचा हात खोलीतल्या हवेपेक्षा गार होता. माझी रेघ जरा खाली आली.

ताईंनी आकडा बघितलाच नाही. त्यांनी शेजारच्या खिळ्यावरची किल्ली घेतली आणि मुलांना म्हणाल्या, "चला रे, उशा उचला."