पट्टकादंब उडेपर्यंत

आधी आकार.

पांढरा. एकटा. गाळाच्या पलीकडच्या टोकावर.

कारंजा नदी धरणाच्या पाण्यात शिरताना तिची बोटं बोटं होतात, आणि बोटांच्या मधे गाळ साचतो. हिवाळ्यात पाणी मागं हटलं की त्या गाळावर पक्षी उतरतात आणि हरभरा पेरणाऱ्या बायाही उतरतात. पक्षी बघणारे रविवारी येतात. बिदरहून, गाड्या घेऊन.

"सर, पट्टकादंब," संकर्षण म्हणाला. "तो डोक्यावर काळे पट्टे असलेला हंस. बाभळीच्या डावीकडं बघा."

भीमसेन मास्तरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. सगळे थांबले. या मंडळीत नियमच आहे, पक्षी कुणालाही दिसो, मास्तर 'दिसला' म्हणेपर्यंत तो दिसलेला नसतो.

"दिसला," मास्तर म्हणाले.

बाभळीच्या डावीकडं खताचं रिकामं पोतं होतं. काठीला अडकवलेलं. हरभऱ्यावर पाखरं येऊ नयेत म्हणून.

मग चोच. पण चोचीच्या आधी विनीता.

विनीता मास्तरांची मुलगी. नौबादला शाळेत गणित शिकवते. आज गाडी तिनं चालवली आणि वाटभर एकच सांगत राहिली. अप्पा, आज तुम्हीच सांगून टाका. डोळ्यांचं. दुसऱ्या कुणी बोलायच्या आत.

डॉक्टर म्हणाले होते, नजरेचा मधला भाग गेला, आता कडा तेवढ्या राहिल्या.

"कडा पुरतात," अप्पा म्हणाले.

"संकर्षणला संशय आलाय, अप्पा."

"संकर्षणला? त्याला बगळा आणि बदक वेगळं करायला मी शिकवलं. तो माझी परीक्षा घेणार व्हय?"

आता चोच.

"चोचीचा रंग काय म्हणायचा, सर?" संकर्षणनं विचारलं. अगदी मऊ आवाजात. हाच प्रश्न एकदा मास्तरांनी त्याला विचारला होता, असाच सगळ्यांपुढं. त्याला सांगता आलं नव्हतं, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "लेका, तुझ्या तोंडावर डोळे शोभेला लावलेत." मंडळी ते वाक्य अजून वापरतात. संकर्षणही त्यांच्याबरोबर हसतो.

"पिवळी. टोकाला काळी."

"आणि पट्टे?"

"दोन. वरचा डोळ्यापर्यंत उतरलेला, खालचा आखूड."

मंडळीतला सुनीलकुमार रुमालात तोंड घालून वाकला. त्याचे खांदे हलत होते. कुणीतरी फोन वर धरून चित्रण करत होतं.

विनीता वडिलांच्या कानाशी गेली. "अप्पा, पोतं आहे. खताचं पोतं. चला आता, गाडीत बसू."

इथं गोष्ट थांबू शकली असती. मास्तरांनी डोळे चोळले असते, ऊन फार आहे म्हणाले असते, मुलीचा हात धरला असता, आणि मंडळींनी उगाच पाण्याकडं बघितलं असतं.

"ऐका रे!" मास्तर ओरडले. "हिला पोतं दिसायलंय!"

आता सगळ्यांना मोकळं हसता आलं.

"हिला कधी काय दिसलंय? लहानपणीही हेच. दिसला, दिसला म्हणायची आणि शेपटी विचारली की रडायची. खोटारडी. इथंच उभी केली होती हिला."

पाय.

दुसरीत होती ती. सगळे 'दिसला' म्हणाले म्हणून तीही म्हणाली. शेपटी सांगता आली नाही. मास्तरांचा दुसरा नियम असा की, पक्षी उडाल्याशिवाय जागा सोडायची नाही. "उडाला की ये," म्हणाले आणि बाभळीखाली जाऊन डबा खायला बसले. जो पक्षी दिसलाच नाही, तो उडाला कधी ते कसं कळायचं? ती उभी राहिली. गाळ घोट्यावर आला. मग फ्रॉक ओला झाला. मग त्यावर माश्या बसल्या.

"पाय कसे आहेत, अप्पा?" विनीतानं विचारलं. तिचा आवाज संकर्षणपेक्षा मऊ होता.

"नारिंगी."

"दिसायलेत?"

"स्वच्छ."

संकर्षण हसायचा थांबला. "अक्का, बास की आता. सरांना घेऊन ये. सुशीला गार व्हायलाय." चुरमुऱ्याचा सुशीला, दर रविवारी त्याच्याच घरचा.

"उडाल्याशिवाय कसं येणार?" विनीता म्हणाली. "नियम आहे ना, अप्पा?"

"आहेच. तुम्ही जा सगळे. तुमच्यात दम न्हाई."

ते गेले. त्यांच्या मागं विनीताही.

आवाज. वाऱ्यानं पोतं फडफडलं.

"पंख झाडतोय," मास्तर म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. विनीता काठावर गाडीपाशी पोचली होती.

तिथं लिंगम्मा भेटली. हरभरा तिचा. खुडलेली भाजी तिनं पदरात धरली होती.

"अज्जा कामून उभारलाय उन्हात?"

"पक्षी बघायलेत."

"कुठला पक्षी? तिथं तर माझं पोतं हाय." लिंगम्मा खळखळून हसली. "त्येच काढून आणते आता. भाजी भरायला काई न्हाई बघ."

ती निघाली. विनीताला पुढचं सगळं सरळ गणितासारखं दिसलं. पोतं निघेल. पांढरा डाग जाईल. अप्पा ओरडतील, 'उडाला!' मग मान ताठ करून परत येतील आणि सगळ्या वाटभर तिला त्या हंसाबद्दल सांगतील.

"थांबा, अक्का."

तिनं आपली कापडी पिशवी गाडीत उपडी केली. पाण्याची बाटली, अप्पांच्या गोळ्या, अप्पांची टोपी. रिकामी पिशवी लिंगम्माच्या हातात दिली.

"ह्यात भरा. पोतं राहू द्या आजचा दिवस."

लिंगम्मानं कापड चाचपलं. चांगलं होतं. "परत द्यायची का?"

"नको."

उड्डाण.

संकर्षणनं सुशीलाची वाटी आणून दिली. विनीता गाडीच्या उघड्या दारात बसली, टोपी मांडीवर घेऊन. तिनं सावकाश खाल्लं. तळाचे शेंगदाणे वेचून वेचून खाल्ले.

गाळात अप्पांच्या चपला दिसेनाशा झाल्या होत्या. दुर्बीण मात्र खाली आली नव्हती. टक्कल लाल झालं होतं. एकदा ते पुढं झुकले, सावरले, पाय उपसायला बघितलं आणि पक्षी बिथरेल म्हणून तसेच राहिले.

"अप्पा!" तिनं हाक मारली. "उडाला का?"

मास्तरांनी मागं न बघता हात वर केला. गप्प बस.

"अजून न्हाई."