दुसरी आवृत्ती

उल्का, माझी बायको, शहरातल्या तांजोंग पगारच्या ऑफिसात बसून यंत्रांची मॅन्युअल्स लिहिते. यंत्रं शहराच्या दुसऱ्या टोकाला, तुआसच्या कारखान्यात असतात; तिथे ती कधी गेलेली नाही. जुन्या मॉडेलचा मजकूर उचलायचा, नंबर बदलायचा, झालं मॅन्युअल. ‘एकदा यंत्र बघून तरी ये,’ म्हटलं की म्हणायची, ‘प्रबोध, त्यावर माझं नाव असतं का?’

२०१४ च्या वाढदिवसाला मी तिला व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, पत्रा कापायच्या प्रेसवरचं पुस्तक दिलं. दोन्ही आवृत्त्या. लेखकाच्या जागी नुसतं ‘एक कारागीर’. ‘माझाच पूर्वज,’ ती हसली.

रविवारी जेवणानंतर ती दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पानं ताडून बघू लागली. पहिल्या आवृत्तीच्या चित्रांत प्रेसवर दोन धडधाकट हात होते. दुसरीत चित्रं तीच, पण डाव्या हाताला दोन बोटं कमी. प्रस्तावनेत त्याबद्दल अवाक्षर नाही. फक्त एक वाक्य वाढवलेलं: चाक पूर्ण थांबल्याशिवाय हात आत घालू नये.

‘नव्या प्रेसच्या मॅन्युअलमध्ये मी लिहिलंय, बंदचं बटण दाबा आणि पत्रा काढा,’ ती म्हणाली. ‘जुन्या प्रेसचं चाक लगेच थांबायचं. नव्याचं थांबतं का रे?’

तिनं दोन्ही पुस्तकं मिटली.

‘उद्या विचारते.’

सोमवारी सकाळी तुआसहूनच फोन आला. ‘कुठला हात?’ एवढंच तिनं विचारलं. मोकळ्या हाताची मूठ तिनं घट्ट मिटली होती.

‘नाही,’ शेवटी ती म्हणाली, ‘आमच्याकडे मॅन्युअलवर नाव घालायची पद्धत नाही.’